कळ दाबण्यापूर्वी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडी बैल सजवून मिरवायला आणतात. वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या गावात तुमचे घर असेल आणि घरात सुतारकामाची हत्यारे असतील, तर यंदाचा बैल आपणच करावा असे तुमच्या मनात येणे अगदी साहजिक आहे.

पूर्वी असा बैल वाकस, करवत, पटाशी आणि कानस यांनीच घडत असे. याच जिल्ह्यात कारंजा लाड येथे काष्ठासंघाचे जुने जैन मंदिर आहे. तेथील लाकडी कोरीवकाम विजेच्या कितीतरी आधीचे, म्हणजे केवळ हाताचे आहे. आता मात्र सुताराच्या पडवीत ड्रिल मशीन, रंधा मशीन आणि कटर दिसतात. दिवसाचे काम तासावर येते. पण हाताची जागा यंत्राने घेतली की धोक्याचे स्वरूपही बदलते. ते कसे, हे एका सोप्या प्रयोगाने पाहू.

पट्टीचा प्रयोग

३० सेंटिमीटरची एक पट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. तुम्ही खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा. पट्टीला स्पर्श मात्र करू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडावी आणि तुम्ही ती पकडावी. बोटे कोणत्या आकड्यावर पडली ते पाहा. बहुतेकांची बोटे १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान पडतात.

समजा, तुम्ही २० सेंटिमीटरवर पट्टी पकडली. म्हणजे ती ०.२ मीटर खाली आली. या अंतराची दुप्पट करा, ९.८ ने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे ०.२ सेकंद. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने ओळखले आणि स्नायूंना हुकूम पोचला, या साऱ्याला एक पंचमांश सेकंद लागला. याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. आणि ध्यानात ठेवा, तुम्ही तर पट्टी सुटण्याची वाटच पाहत होता! मन दुसरीकडे असेल तर हा काळ आणखी वाढतो.

एक पंचमांश सेकंदात काय होते?

आता कटरकडे वळू. सुतारांच्या हातात पुष्कळदा दिसणाऱ्या लहान कटरचे पाते सुमारे ११० मिलिमीटर व्यासाचे असते आणि ते मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेते. म्हणजे सेकंदाला सुमारे १८३ फेरे. पात्याचा परीघ सुमारे ३४.६ सेंटिमीटर. गुणाकार करा. पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर येतो, म्हणजे ताशी सुमारे २२८ किलोमीटर!

हातकरवतीचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो. करवत बोटाला लागली की कळ येते, हात थांबतो आणि हाताबरोबर करवतही थांबते. जखम होते, पण बहुधा ती तेवढ्यावरच निभावते. कटरचे तसे नाही. तुमच्या ०.२ सेकंदाच्या प्रतिक्रियाकालात त्याचे पाते सुमारे ३६ फेरे घेते. पात्याला ४० दात असतील, तर जवळजवळ १,४५० दात त्या एका जागेवरून निघून जातात. वेदनेची जाणीव होऊन हात मागे येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

म्हणून "मी लक्ष ठेवून काम करीन" एवढ्याने भागत नाही. लक्ष हवेच, पण यंत्र सुरू झाल्यावर आपले लक्ष यंत्राच्या मागेच पडते. खरी सुरक्षितता कळ दाबण्यापूर्वी केलेल्या मांडणीत असते. चूक झाली तरी बोट पात्यापर्यंत पोचूच नये, अशी ती मांडणी हवी. लाकूड हाताने न धरता क्लॅम्पने घट्ट आवळा. पात्यावरचे झाकण कधीही काढू नका. बारीक तुकडा पात्याकडे सारायचा असेल, तर खाच पाडलेल्या काठीने सारा. काठीचे टोक कापले गेले तर दुसरी काठी करता येते.

लाकूड उलटून का येते?

दोन विटांवर फळीची दोन टोके ठेवून ती मध्यभागी कापायला घेतली, तर काय होईल? काप खोल जाईल तशी फळी मध्ये वाकेल आणि कापाच्या दोन्ही कडा वरच्या बाजूने मिटतील. पाते त्या चिमट्यात सापडेल. काही लाकडांत वाळताना आतल्या आत ताण साठलेला असतो. अशी फळी नीट टेकवली असली तरी कापता कापता मिटते.

पाते अडकले तरी मोटरीचा जोर थांबत नाही. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकला आहात. पाते लाकडाला ढकलते, तेवढेच लाकूडही पात्याला ढकलते. हातातले यंत्र अशा वेळी उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. यंत्र टेबलाखाली पक्के बसवले असेल, तर पात्याच्या मागच्या बाजूचे वर येणारे दात लाकूड उचलून माणसाकडे फेकतात. लाकडासाठी बनवलेल्या चांगल्या टेबल-करवतीत म्हणूनच पात्याच्या पाठीमागे एक पातळ पोलादी पट्टी असते. ती काप मिटू देत नाही. फरशी कापायच्या कटरला ही पट्टी नसते. त्याला लाकडाचे दातेरी पाते लावणे, किंवा तोच उलटा करून फळीखाली बसवणे, हा प्रकार म्हणूनच अतिशय धोक्याचा आहे. ग्राइंडरला दातेरी पाते लावणे तर त्याहूनही वाईट.

फळीला असा टेकू द्या की कापलेला भाग मोकळा खाली पडेल. आणि पात्याच्या रेषेत कधीही उभे राहू नका. एका बाजूला राहा.

दुपट्टा, राखी आणि हातमोजे

आपल्याकडे उन्हासाठी गळ्यात दुपट्टा असतो. राखीपौर्णिमेची राखी पोळ्यापर्यंत अनेकांच्या मनगटावर असते. फिरत्या यंत्राजवळ या दोन्ही वस्तू वैरी ठरतात. धाग्याचे टोक अडकले की यंत्र तो गुंडाळू लागते आणि पाठोपाठ हातही ओढला जातो. ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि बांगड्या यांचेही तसेच. आश्चर्य वाटेल, पण ड्रिल आणि करवत चालवताना कापडी हातमोजेही घालायचे नसतात. ते दातांपासून वाचवत नाहीत, उलट दातांत अडकतात.

डोळ्यांवर मात्र चश्मा हवाच. रंधा आणि पॉलिश-पेपर मशीन यांचा बारीक भुसा नाकात जाऊ नये म्हणून मास्कही हवा. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले आहे.

वीज जाते आणि येते

काम चालू असताना वीज गेली, तर तुम्ही काय करता? यंत्र खाली ठेवता आणि पाणी प्यायला जाता. कळ चालूच राहिली असेल, तर वीज येताच यंत्र आपोआप फिरू लागते. त्या वेळी कोणी पाते बदलत असेल तर? वीज गेली की आधी कळ बंद करून पिन काढायची, ही सवय लावून घ्या. पाते बदलताना किंवा अडकलेला तुकडा काढतानाही पिन बाहेरच हवी.

दुसरी गोष्ट फ्यूजची. ५ अँपिअरचा फ्यूज ५,००० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ देतो. पण शरीरातून काही दशक मिलिअँपिअर गेले तरी हृदयाला धोका असतो. म्हणजे फ्यूज वाचवतो तारांना, माणसाला नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आर.सी.सी.बी. बसवावा लागतो. धातूचे अंग असलेल्या यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग हवे. ओल्या अंगणात, अनवाणी पायांनी यंत्र चालवू नये.

तरीही अपघात झालाच, तर यंत्राची वीज तोडा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्या. बोटाला थेट बर्फ लावू नका.

मग बैल कसा करायचा?

आपल्या देशात २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात असे म्हटले होते की, १८ वर्षांखालील कामगाराला धोकादायक यंत्राची पूर्ण माहिती आणि पुरेसे शिक्षण दिल्याशिवाय, किंवा जाणत्याची देखरेख असल्याशिवाय, त्यावर काम करू देऊ नये. घराच्या पडवीला असा कायदा लागू नसेल, पण पाते पडवीतही तेवढ्याच वेगाने फिरते. तेव्हा कटरचे काम वडीलधाऱ्यांकडे सोपवा. भोके पाडायची असतील तर लाकूड क्लॅम्पमध्ये आवळून, मोठे माणूस शेजारी असताना ड्रिल चालवा. बैलाचे वशिंड, शिंगे आणि पाय यांना आकार द्यायला पटाशी आणि कानस पुरेशी आहेत. पटाशी नेहमी अंगापासून दूर ढकला आणि दुसरा हात धारेच्या मागे ठेवा.

शिक्षकांनी पट्टीचा प्रयोग वर्गात अवश्य करून घ्यावा. प्रत्येकाने आपला आकडा वहीत लिहावा आणि तेवढ्या वेळात पात्याचे किती दात निघून जातील, याचा हिशेब स्वतः करावा. घरी जाऊन तोच प्रयोग बाबांना किंवा काकांना करायला लावा. झाकण काढून टाकलेला कटर तुमच्या घरात असेल, तर ते झाकण परत बसवण्याची आठवण कदाचित तुमच्या वहीतला हा आकडाच त्यांना करून देईल.