कुणाकुणाचं देणं

हैदराबादेतल्या आमच्या विद्यानगरातल्या दुर्गाबाई देशमुख हॉस्पिटलची पाटी पाहून महाराष्ट्रातले पाहुणे हमखास विचारतात, "या आपल्यातल्या का?" मी सांगते, बाई राजमुंद्रीच्या, तेलुगू; आपले ते त्यांचे यजमान, चिंतामणराव.

सी. डी. देशमुख रायगडातल्या नाते गावचे, जन्म १८९६ चा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक हरले, तेव्हा वय त्र्याहत्तर. ज्यांची सही नोटांवर होती, त्यांनी उतारवयात बायकोच्या भाषेच्या मुलखात, हैदराबादेत घर केलं. इथे मोठं नाव दुर्गाबाईंचं; त्यांच्या आंध्र महिला सभा या संस्थेचं. चिंतामणरावांचं हे इथं येऊन राहणं मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा मोठं वाटतं.

इथल्या काळात दोघंही लिहीत होती. चिंतामणरावांचं इंग्रजी आत्मचरित्र १९७४ मध्ये आलं, दुर्गाबाईंचं 'चिंतामण अँड आय' १९८० मध्ये. पुढच्याच वर्षी दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ ला चिंतामणराव.

आत्मचरित्र न लिहिणारी म्हातारी माणसं मात्र जुन्याच गोष्टी उगाळतात, अशी तक्रार घरोघरी असते. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये या उगाळण्याची बाजू घेतली. शेवट जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस आपलं आयुष्य पुन्हा तपासतो. ते स्वाभाविक आहे, असं त्यांनी मांडलं. त्यातून जुने सल निवळतात. काहींच्या वाट्याला मात्र खिन्नताच येते, हेही त्यांनी लिहिलं. म्हणून ऐकणारं कुणीतरी लागतं, असं मी माझ्यापुरतं म्हणेन.

माझे यजमान गेल्यावर मी गेलेल्यांचाच हिशेब करत बसायचे. नात फोनवर जुनं काहीबाही विचारू लागली, तेव्हा तो हिशेब बदलला. मी नांदेडहून लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंचा धाक वाटायचा. पहाटे चारला उठवत. नातीला हे सांगताना ध्यानात आलं, त्या वेळी त्या पन्नाशीच्याही नव्हत्या. विधवा, पदरात चार मुलं, आणि नळाला पाणी चारलाच यायचं. आज मी त्र्याहत्तरची आहे. त्यांच्याकडे मी आता वयाने मोठी होऊन बघते, आणि त्या तरुण बाईबद्दल पोटात माया दाटून येते.

त्याच नळावर शेजारच्या अम्मांनी मला तेलुगू शिकवलं. आधी नीळ्ळु म्हणजे पाणी, मग भाजीवाल्याशी घासाघीस, मग गोंगुरा म्हणजे अंबाडी निवडणं. अम्मा आता नव्वदीला टेकल्यात. मागच्या श्रावणात मुद्दाम पुरणपोळ्या घेऊन गेले आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं, तुम्ही होतात म्हणून मी या गावात रुळले.

त्यांना यातलं काहीच आठवेना. त्यांना आठवत होतं दुसरंच. त्यांचे यजमान आजारी होते त्या पावसाळ्यात माझे यजमान रेशनच्या रांगेत उभं राहून आधी त्यांचं रॉकेल आणून देत, मग आमचं. हातात पोळी तशीच धरून त्या ते सांगत राहिल्या. यजमान घरी यातलं अक्षर बोलले नव्हते. मी दर वेळी विचारायचे, एवढा उशीर का? ते म्हणायचे, रांग मोठी होती.