विश्लेषण : महापालिकेचे परवाना शुल्क कोण ठरवते आणि कशाच्या आधारे?

खानावळ, बेकरी किंवा लाँड्री चालवायची तर जागेचे भाडे आणि विजेचे बिल यांबरोबर महापालिकेच्या परवान्याचाही खर्च येतो. परवाना शुल्क वाढले की व्यावसायिकांचा पहिला प्रश्न असतो, ‘या वाढीव पैशांच्या बदल्यात आम्हाला काय मिळणार?’ या प्रश्नाचे न्यायालयीन उत्तर काळानुसार बदलत गेले आहे.

परवाना कशासाठी?

ज्या व्यवसायांतून जीविताला, आरोग्याला किंवा मालमत्तेला धोका अथवा शेजाऱ्यांना उपद्रव होऊ शकतो, त्यांच्यावर देखरेख ठेवणे हा परवान्याचा मूळ हेतू आहे. मुंबईत ही तरतूद १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३९४ मध्ये आहे. राज्यातील इतर महापालिकांसाठी ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३७६ मध्ये आहे.

दर कोण ठरवते?

मुंबईत कलम ४७९ आणि इतर महापालिकांत कलम ३८६ नुसार आयुक्त दर निश्चित करतात. मात्र त्यांना महापालिकेची, म्हणजेच नगरसेवकांच्या सभागृहाची मंजुरी लागते. प्रस्ताव प्रशासनाचा आणि शिक्कामोर्तब लोकप्रतिनिधींचे, अशी ही विभागणी आहे.

शुल्क आणि कर यांत फरक काय?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही. अनुच्छेद ११० मध्ये परवान्याचे शुल्क आणि सेवेचे शुल्क यांचा करांपासून वेगळा उल्लेख आहे. उडुपीच्या शिरूर मठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हा भेद स्पष्ट केला. कर सार्वजनिक कामांसाठी सक्तीने घेतला जातो, तर शुल्क विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात आकारले जाते.

मग ‘लिबर्टी सिनेमा’ प्रकरणात काय घडले?

कलकत्ता महापालिकेने १९५८ मध्ये चित्रपटगृहांचे परवाना शुल्क आसनसंख्या आणि खेळांच्या संख्येशी जोडले. त्यामुळे लिबर्टी सिनेमाचे वार्षिक शुल्क ४०० रुपयांवरून ६,००० रुपयांवर गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. हे शुल्क नसून करच आहे आणि तो लावण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी भूमिका महापालिकेने घेतली. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने मान्य केली. कायद्यात ‘शुल्क’ हा शब्द असला, तरी आकारणीचे खरे स्वरूप पाहावे लागते, हा त्या निकालाचा धडा आहे.

महापालिका कितीही शुल्क लावू शकते का?

नाही. हैदराबाद महापालिकेने हॉटेलांचे परवाना शुल्क वाढवले, तेव्हा हॉटेलमालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शुल्काचे दोन प्रकार सांगितले. सेवेसाठीच्या शुल्कात मोबदल्याचा घटक दिसला पाहिजे. नियंत्रणासाठीच्या शुल्कात तसा हिशेब आवश्यक नाही, पण ते अवाजवी असता कामा नये. म्हणजे ‘आम्हाला काय मिळाले?’ एवढ्या युक्तिवादावर व्यावसायिकाला आता न्यायालयात जिंकता येत नाही. दर अवाजवी आहे, हे त्याला दाखवावे लागते.

इंग्लंडमध्ये काय पद्धत आहे?

तेथे सेवा व्यवसायांबाबतच्या २००९ च्या नियमांनुसार परवान्याचे शुल्क प्रक्रियेच्या खर्चापेक्षा जास्त असू शकत नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने प्रौढांसाठीच्या साहित्याच्या दुकानांना २९,१०२ पौंड शुल्क लावले होते. त्यातील २,६६७ पौंड अर्ज हाताळण्याचे, तर उरलेले २६,४३५ पौंड देखरेख आणि कारवाईच्या खर्चाचे होते. देखरेखीचा खर्च परवानाधारकांकडून घेता येतो, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये त्यावर मर्यादा घातली. अर्ज नामंजूर झाल्यास परत मिळणार असली, तरी ती रक्कम अर्जासोबतच भरायला लावता येत नाही. या वादात शुल्काची फोड आकड्यांनिशी समोर होती, म्हणूनच न्यायालयाला प्रत्येक भाग तपासता आला.

आपल्याकडे अंकुश कोणाचा?

मोबदल्याची कसोटी सैल झाल्यावर सभागृहातील चर्चा हा महत्त्वाचा अंकुश उरतो. पण मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकीय राजवट होती. या काळात प्रस्ताव मांडणारे आणि त्याला मंजुरी देणारे दोन्ही अधिकार प्रशासनाच्याच हाती होते. शुल्कवाढ पटत नसेल तर व्यावसायिकांनी मंजुरीचा ठराव आणि परवाना विभागाचा जमा-खर्च माहिती अधिकारात मागवावा. दर अवाजवी आहे की नाही, याचा वाद त्या कागदांशिवाय उभा राहत नाही.