बिऱ्हाड येण्यापूर्वी

घर भाड्याने द्यायचे म्हटले की सर्वांना प्रथम रंगारी आठवतो. भिंतींवर पांढरा हात फिरला की घर दाखवायला तयार! माझ्या मते रंगाऱ्याला सर्वांत शेवटी बोलवावे. आणि पैसे कमी पडत असतील, तर त्यालाच रजा द्यावी.

कोथरूडला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. जुने बिऱ्हाड गेले आणि नवे ठरले. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, पदरी दोन वर्षांचे मूल. आमच्या यांनी रंगाचे नमुने टेबलावर पसरले. मी बॅटरी घेऊन न्हाणीघरात शिरले.

आत गॅसचा गीझर, आणि थंडी येते म्हणून वरच्या झरोक्याला पुठ्ठा लावलेला! कोंडलेल्या जागेत गॅस जळू लागला की हवेतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आंघोळ करणाऱ्याला गुंगी येते आणि कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. अशा बातम्या वर्तमानपत्रात आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

"अगं, चांगला चालतोय की! इतकी वर्षं कुणाला काही झालं का?" हे म्हणाले.

"ती मोठी माणसं होती. पाच मिनिटांत बाहेर यायची. ही मुलगी थंडीत दार लावून लेकराला अर्धा तास न्हाऊ घालील."

यावर हे काही बोलले नाहीत. गीझर निघाला, पुठ्ठाही निघाला. गॅसचाच ठेवायचा, तर तो बाहेर मोकळ्या हवेत बसवावा लागतो. आमच्याकडे तशी जागा नाही. म्हणून विजेचा घेतला. तो लावायला आलेल्या वायरमनने प्लग उघडला, तर तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती! भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे आपण धरून चालतो. नवी तार ओढून घेतली आणि मुख्य बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा, तीस मिलिअँपिअरचा स्विच बसवला. त्यावर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. खटका पडला नाही, तर तो स्विच नुसता शोभेचा समजावा.

न्हाणीघरामागची झोपण्याच्या खोलीतली भिंत ओली होती. रंगारी म्हणाला, "बाई, पुट्टी मारून देतो, दिसणार नाही." दिसणार नाही, हे खरेच! पण पाणी आतून येत राहिले, तर भिंतीतले क्षार वर येतात आणि पहिल्या पावसातच रंगाला फोड धरतात. न्हाणीघराच्या फरशीचे सांधे उकरून पुन्हा भरून घेतले. भिंत वाळायला तीन आठवडे गेले. म्हणजे जवळजवळ महिन्याच्या भाड्यावर पाणी सोडले. (हे अजून मधूनमधून त्याचा हिशेब मांडतात.)

बाकी किरकोळ कामे भराभर उरकली. दाराचे कुलूप बदलले, शेगडीची रबरी नळी तिच्यावरची मुदत पाहून नवी घातली, नळांचे वायसर बदलले.

कागदपत्रांचे मात्र मी जरा लावून धरले. 1947 च्या भाडे कायद्याच्या धास्तीने आमच्या मागच्या पिढीतल्या कित्येकांनी घरे कुलूप लावून ठेवली. आता महाराष्ट्रात 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा करार नोंदवायला नको, ही समजूत इथे चुकीची आहे. नोंदवला नाही आणि तंटा झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरतात. शिवाय पंखे, दिवे, किल्ल्या आणि मीटरचा आकडा यांची यादी करून दोघांनी सह्या केल्या. यादीत खिळेसुद्धा मोजले, म्हणून हे हसले.

रंग एकाच भिंतीला दिला. नवे बिऱ्हाड रविवारी आले. सामान उतरत असतानाच त्या मुलीने विचारले, "काकू, पाणी किती वाजता येतं?"