मुक्काम हलविणाऱ्यांचे सामान

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या विद्यार्थ्यांनी शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ ह्या नाटकातील छावणीचा प्रवेश करून दाखविला, हे वाचकांस स्मरत असेल. इ. स. १४१५ साली फ्रान्समध्ये आजिंकूर येथे जी लढाई झाली, तिच्या आदल्या रात्रीचा तो देखावा. पोशाख ठीक होते, कनाती ठीक होत्या, भाषणेही बरी झाली. राजाच्या पुढ्यात शोभेकरिता आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीतील शिसवी मेज आणून ठेविले होते. ते उचलण्यास सहा मुले लागली. खेळ संपल्यावर एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांचा धंदा पिढीजात सुतारकामाचा. मुलाचे कौतुक करून झाल्यावर ते हळूच म्हणाले, “मास्तर, ही फौज रोज मुक्काम हलविते म्हणता; मग हे मेज गाडीत चढवायचे कसे?”

ह्या साध्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. हेन्रीचे सैन्य हार्फ्लरहून कॅलेकडे पायी चालले होते, हे आम्हीच वर्गात शिकविले होते. परंतु चालणाऱ्या सैन्याचे सामानही चालले पाहिजे, हा विचार आमच्या मनात आला नव्हता. पुढे वर्षभर, सवड मिळेल तसतसा, आम्ही व आमच्या सुतारशाळेतील मुलांनी त्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यात जे हाती लागले ते येथे देत आहो.

आम्हांस प्रथम असे कळले की, हा प्रश्न आमच्यापुरता नाही. युरोप व अमेरिकेत हजारो माणसे दरवर्षी काही दिवस जुन्या काळच्या छावण्या उभारून त्यांत राहतात. ह्या हौसेचा एक गाजलेला प्रारंभ १८३९ सालचा आहे. स्कॉटलंडमधील एग्लिंटनच्या उमरावाने त्या वर्षी मध्ययुगीन भालेबहाद्दरांचे सामने मोठ्या थाटाने भरविले. परंतु पावसाने मैदानाचा चिखल केला, मेजवानीचा मंडप निकामी झाला आणि चिलखत घातलेल्या सरदारांस छत्र्यांचा आश्रय करावा लागला. अमेरिकेत १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अशा हौशी मंडळींची एक संस्था निघाली, आणि तिचा पेनसिल्व्हेनियातील मोठा मेळा १९७२ पासून भरत आला आहे. पोलंडमध्ये १४१० सालच्या ग्रुनवाल्डच्या लढाईचा देखावा १९९८ पासून रणभूमीवरच करून दाखवितात. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विसबी नगरात १९८४ पासून ‘मध्ययुगीन सप्ताह’ साजरा होतो; डेन्मार्कच्या वाल्देमार राजाने १३६१ साली ते बेट जिंकले, त्याची ती आठवण. तंबूत राहावयाचे तर बसावयास, निजावयास, जेवावयास काहीतरी लागणारच. आणि ते जुन्या काळाशी जुळणारे हवे असेल तर स्वतः करावे लागते. ह्या मंडळींपैकी पुष्कळांनी हातात वासला धरला तो ह्या गरजेपोटी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फ्रेंच भाषेत घरातील लाकडी सामानास ‘म्यब्ल’ म्हणतात; जर्मन भाषेत ‘म्योबेल’. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ ‘हलविता येण्याजोगे’ असा आहे. मध्ययुगातील मोठे उमराव एका वाड्यात वर्षभर राहत नसत. एका जहागिरीतील धान्य संपत आले की परिवारासह दुसरीकडे जात, आणि पेट्या, पडदे, पलंगही बरोबर जात. तेव्हा छावणीचे सामान व घरचे सामान ह्यांत आज आपण मानतो तेवढे अंतर नव्हते. आमची चूक शिसवी मेज आणण्यात होती त्यापेक्षा ‘मेज म्हणजे एका जागी ठेवावयाची वस्तू’ असे धरून चालण्यात अधिक होती.

पुरावा कोठे मिळतो, हे मुलांनी प्रथम विचारले, ते योग्यच झाले. लाकूड कुजते, पण ओल्या, हवाबंद चिखलात ते हजार वर्षेही टिकते. नॉर्वेमध्ये ओसेबर्ग येथे १९०४ साली एक मातीचा ढिगारा खणला असता त्यात सबंध जहाज सापडले. इ. स. ८३४ साली दोन स्त्रियांस त्यात पुरले होते, हे लाकडातील वर्षवलयांवरून ठरले आहे. त्यांच्याबरोबर गाडी, घसरगाड्या, पलंग, पेट्या, तंबूचे सांगाडे, इतकेच काय पण एक खुर्चीही ठेविली होती. सबंध संसारच म्हणावा! त्यातील मोठ्या पलंगाच्या उशाकडील फळ्यांवर प्राण्यांची मुंडकी कोरली आहेत; परंतु आम्हांस त्याहून मोलाचे वाटले ते त्याचे सांधे. आडव्या लाकडांची टोके उभ्या फळ्यांतून आरपार बाहेर निघतात आणि बाहेरून पाचरीने आवळली जातात. पाचर काढली की पलंगाच्या सुट्या फळ्या होतात. खिळा नको, सरस नको, हत्यार म्हणून एक दगड पुरे.

दुसरा पुरावा गॉटलंड बेटावरचाच आहे. तेथील मॅस्टरमीर नावाच्या दलदलीतील पाणी काढून ती जमीन नांगराखाली आणली जात असता १९३६ साली नांगराला एक ओक लाकडाची पेटी अडली. पेटीभोवती लोखंडी साखळी गुंडाळलेली होती. आत व आसपास मिळून सुमारे २०० वस्तू निघाल्या: हातोडे, सांडस, ऐरणी, कानशी, करवती, कुऱ्हाडी, भोके पाडावयाची गिरमिटे, कुलुपे आणि स्वयंपाकाची भांडीही. सुमारे १००० साली हयात असलेल्या एखाद्या फिरत्या कारागिराचे ते सर्वस्व असावे, आणि तेथे तळे असताना होडीतून जाताना ते पाण्यात पडले असावे, असा तर्क आहे. कोणाचे तरी पोट त्या पेटीवर चालत होते, हे मनात आले की ती केवळ ‘नमुना’ राहत नाही. पेटी साधारण ९० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद. म्हणजे दोघांनी सहज उचलावी इतकी. तळाच्या फळीची टोके दोन्ही बाजूंच्या आडव्या फळ्यांत कुसू करून बसविली आहेत, आणि लांब बाजू वर निमुळत्या होत जातात, म्हणजे तळ रुंद व तोंड अरुंद. अशी पेटी हेलकावे खाणाऱ्या होडीत सहसा उलटत नाही. ओसेबर्गच्या पेटीत बाजूच्या फळ्या तळाखाली लांबवून त्यांचेच पाय केले आहेत. ओल्या जमिनीचा दमटपणा तळास लागू नये, ह्याची ती सोय.

लाकडाविषयी दोन शब्द येथेच सांगितले पाहिजेत. त्या काळी उत्तरेकडे ओकच्या फळ्या पुष्कळदा कापीत नसत, फाडीत असत. ताज्या ओंडक्याच्या टोकाला पाचरी ठोकून त्याचे दोन, चार, आठ असे भाग करावयाचे. कलिंगडाच्या फोडींप्रमाणे प्रत्येक फळी एका कडेला जाड व दुसऱ्या कडेला पातळ निघते. करवत लाकडाच्या रेषा आडव्यातिडव्या तोडते. पाचर रेषेच्या मागोमाग जाते. आमच्याकडचा बुरूड वेळू चिरतो तेव्हा तो हेच करितो. म्हणून फाडलेली फळी पातळ असूनही ताकदीची, व पातळ म्हणून हलकी. ज्यास ओझे वाहावयाचे आहे त्यास ह्या दोन गुणांची किंमत कळते. तसेच, ओल्या लाकडाच्या भोकात वाळलेली खुंटी ठोकली म्हणजे भोवतालचे लाकूड वाळताना खुंटीस घट्ट धरते. आज छावणीकरिता पेट्या करणारे पुष्कळ लोक बाजारातून तयार फळ्या घेऊन बरेचसे काम यंत्राने करितात व वरवर वासल्याच्या खुणा उठवितात. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. आम्हांसही ओक मिळाला नाही आणि फळ्या वखारीतूनच आणाव्या लागल्या.

मेजाविषयी सर्वांत गमतीचे चित्र बायो येथील प्रसिद्ध भरतकामात आहे. अकराव्या शतकातील हा सुमारे ७० मीटर लांबीचा तागाच्या कापडाचा पट, नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली इंग्लंड कसे जिंकले ते लोकरीच्या रंगीत धाग्यांनी सांगतो. सैन्य किनाऱ्यावर उतरल्यावर जेवण शिजते. दोन उभ्या खांबांवर आडव्या दांडीला भांडे टांगले आहे. आणि वाढपी अन्न मांडतात ते ढालींवर! ढाली आडव्या टाकून त्यांचेच मेज केले आहे. इतर वेळी रीत अशी की, दोन सुट्या घोड्यांवर लांब फळ्या टाकावयाच्या, आणि जेवण झाले की त्या उचलून भिंतीशी उभ्या करावयाच्या. वाड्यात तेच, तंबूत तेच.

तेव्हा आम्हीही घोड्या व फळ्या करावयाचे ठरविले. फळ्या आंब्याच्या, पाचरी बाभळीच्या. दोन घोड्या एकमेकींपासून सरकू नयेत म्हणून मध्ये एक आडवी दांडी घालून तिला ओसेबर्गच्या पलंगासारख्या पाचरी मारल्या. अशा प्रकारची जोडणी ह्याच रूपात १४१५ साली होती असा आमचा दावा नाही. पलंगाची युक्ती आम्ही मेजास लावली आहे, इतके प्रांजळपणे सांगतो.

काम सोपे वाटले, पण ते आमच्या हातून दोनदा बिघडले. पहिल्या वेळी पाचर फारच उतरती झाली: लांबी तीन बोटे तर उतार एक बोट. ठोकताच ती उडून एका मुलाच्या कपाळास लागली. आठास एक असा उतार दिला तेव्हा ती बसली ती बसली. घर्षणाचा जो नियम मुले पुस्तकात पाठ करितात तो त्या दिवशी कपाळावर उमटला. दुसऱ्या वेळी पाचरीचे भोक आम्ही दांडीच्या टोकाच्या फार जवळ पाडले. चार ठोक्यांत भोकापलीकडचे लाकूड रेषेरेषेने सुटून ढलपीसारखे बाहेर आले आणि दांडी वाया गेली. आता भोकापलीकडे निदान चार बोटे लाकूड राखतो. आणखी एक बारकावा आम्हांस कोणत्याही चित्रात दिसला नव्हता: भोकाची आतली कड उभ्या फळीच्या जाडीत किंचित आत गेली पाहिजे. ती फळीच्या पृष्ठभागाशी बरोबर जुळली तर पाचर भोकातच अडते आणि सांधा खिळखिळा राहतो. ही गोष्ट आम्ही प्रौढीने त्या सुतार गृहस्थांस सांगितली, तेव्हा ते हसले मात्र. नांगराची पाचर त्यांनी हजार वेळा बसविली होती!

पाचरीचा खरा उपयोग पुढे पावसाळ्यात कळला. उन्हाळ्यात लाकूड आटून सांधे सैल झाले होते. दोन ठोके दिले की पुन्हा घट्ट. आषाढात लाकूड फुगले तेव्हा त्याच पाचरी थोड्या ढिल्या केल्या. खिळ्याच्या सांध्यास ही दुरुस्ती नाही; तो एकदा हलू लागला की हलतच जातो.

खुर्चीवरून मात्र आमच्यात मतभेद झाला. आजकालच्या छावण्यांच्या बहुतेक छायाचित्रांत दोन फळ्यांची एक खुर्ची दिसते: एका फळीतील भोकातून दुसरी फळी तिरपी घातली की बैठक व पाठ तयार, वेगळ्या केल्या की काखेत मारून न्याव्यात. करण्यास अर्धा दिवस पुरतो, म्हणून मुलांनी तिचाच हट्ट धरिला. परंतु शोध करिता असे दिसले की, मध्ययुगीन युरोपातील तिचा पुरावा मिळालेला नाही. दोन फळ्यांची अशी आसने आफ्रिकेत परंपरेने करितात. छावणीकर एकमेकांच्या खुर्च्या पाहून खुर्च्या करीत गेले आणि पाहता पाहता ती ‘प्राचीन’ ठरली. मुलांचे म्हणणे, “प्रेक्षकांस काय कळते?” गेल्या वर्षी आम्हीही मेजाविषयी हेच समजलो होतो, आणि प्रेक्षकांत एक सुतार बसला होता. शेवटी ती खुर्ची केली, पण रंगभूमीसाठी नव्हे. ती वाचनालयात आहे आणि मोठी आरामाची आहे.

राजासाठी मात्र कैचीसारखी मिटणारी बैठक केली. हिचा वंश निर्विवाद जुना. पॅरिसमध्ये दागोबेर राजाचे म्हणून जे कांस्याचे सिंहासन ठेविले आहे तेही मुळात मिटणारे होते. पुढे त्यास पाठ व हात जोडले गेले. जुन्या जर्मानिक बोलीतील ‘घडीचे आसन’ ह्या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंच ‘फोतय’ हा शब्द आला. आज तो गुबगुबीत आरामखुर्चीस लावितात, आणि ती मुळीच मिटत नाही.

ह्या वर्षी तोच प्रवेश पुन्हा केला. पडदा पडण्यापूर्वी राजाने कूच करण्याचा हुकूम देताच चौघा मुलांनी पाचरी काढल्या, फळ्या खांद्यावर टाकल्या, आणि सारे मेज चालू लागले. एक पाचर काही केल्या निघेना, पहिल्या रांगेतून सुतार गृहस्थ ओरडले, “खालून मार रे, खालून!”

त्या फळ्या आता बोर्डिंगच्या भोजनगृहात आहेत. इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. फळीवर जेवण मांडीत म्हणून जेवणासही ‘बोर्ड’ म्हणू लागले, आणि जेथे राहण्याबरोबर जेवण मिळते ते ‘बोर्डिंग’. आमची मुले इतकी वर्षे जमिनीवर पाट मांडून जेवीत होती. आता निदान रविवारी तरी ती शब्दशः बोर्डावर जेवतात. ज्या पालकांस मेजाची मापे हवी असतील त्यांच्याकरिता ती सुतारशाळेच्या भिंतीवर खडूने लिहून ठेविली आहेत.