उकाराखालची रेघ

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ हा प्रश्न तुम्ही अनेकदा सोडवला असेल. शब्दाखालची ती रेघ पट्टी-पेन्सिलीने काढायला असा कितीसा वेळ लागतो? पण तीच रेघ वेबपृष्ठावर ओढायची म्हटले की काय घोटाळा होतो, तो आम्ही चाकूरला एकदा पाहिला.

काही वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी गावाविषयी एक वेबपृष्ठ तयार केले. ठळक मथळा आणि त्याखाली रेघ. संगणक जुनाच होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मोठ्याने वाचले, “आमचे चाकर!” सगळे हसले. मथळा होता ‘आमचे चाकूर’. ‘कू’चा ऊकार रेघेने गिळला होता!

हसून झाल्यावर मात्र विचार करा. लातूर, अहमदपूर ही नावेही याच संकटात सापडतील. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. फरक काय तो अक्षराखालच्या लहानशा खुणेचा. नेमकी तीच खूण झाकली गेली, तर वाचणाऱ्याने काय करावे?

असे का होते? वेबपृष्ठ दोन भाषांच्या मदतीने बनते. मथळा कोणता, परिच्छेद कोणता, हे एचटीएमएल सांगते. टिम बर्नर्स-ली यांनी ती १९९० च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत निर्माण केली. (ही प्रयोगशाळा भौतिकशास्त्राची, हे मी मुद्दाम सांगतो!) मजकूर दिसावा कसा, हे सीएसएस सांगते, तिची कल्पना होकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली. रेघ हवी असेल तर सीएसएसमध्ये ‘टेक्स्ट-डेकोरेशन’ या गुणधर्मापुढे ‘अंडरलाइन’ एवढेच लिहायचे. ती किती खाली आणि किती जाड काढायची, याचे दोन आकडे सामान्यतः अक्षरांच्या फाँटमध्येच नोंदलेले असतात.

गोम अशी की, रोमन अक्षरे एका आधाररेषेवर बसतात. लहान लिपीतील जी, जे, पी, क्यू आणि वाय यांचेच काय ते पाय खाली उतरतात. म्हणून रेघ आधाररेषेच्या थोडी खाली ठेवली की बहुतेक काम भागते. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली. उकार, ऊकार, ऋकार, हलन्ताचा पाय हे सारे तळाशी लोंबतात. रेघ नेमकी त्यांच्या अंगणातून जाते.

मग पुढच्या बाकावरच्या मुलांना ‘चाकूर’ कसे वाचता आले? इथे प्रकाशशास्त्र मदतीला येते. सीएसएसमधील एक पिक्सेल म्हणजे इंचाचा ९६ वा भाग, सुमारे ०.२६ मिलिमीटर. हातभर, म्हणजे ७१ सेंटिमीटर अंतरावरून तो डोळ्याशी सुमारे १.३ कला एवढा कोन करतो. (एका अंशाच्या ६० कला.) निरोगी डोळ्याला साधारण एक कलेपर्यंतचा बारकावा वेगळा दिसतो. तेव्हा रेघ आणि ऊकाराचे टोक यांत एक पिक्सेल फट असेल, तर जवळून ती जेमतेम दिसेल. तीन मीटरवरून हाच कोन ०.३ कला होतो आणि फट नाहीशी होते! मागच्या बाकावरच्या त्या मुलाची चूक नव्हती.

नव्या ब्राउझरांनी यावर एक तोड काढली आहे. अक्षराचा पाय आडवा आला की रेघ तिथे तुटते आणि पुढे पुन्हा सुरू होते. इंग्रजीत हे छान दिसते. ‘गुरुपूजन’ लिहून पाहा. रेघेचे नुसते तुकडे उरतात. मला हा उपाय मराठीसाठी अपुरा वाटतो. त्याऐवजी रेघच खाली न्यावी. त्यासाठी ‘टेक्स्ट-अंडरलाइन-पोझिशन’ला ‘अंडर’ ही किंमत द्या, किंवा ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ला ०.३५ एम द्या. ‘एम’ हे एकक अक्षराच्या आकाराशी बांधलेले असते: अक्षर २० पिक्सेलचे असेल तर ०.३५ एम म्हणजे ७ पिक्सेल, ४० चे असेल तर १४. अक्षर वाढले की अंतर आपोआप वाढते. पिक्सेलमध्ये अंतर दिले तर ही सोय मिळत नाही. हे शब्द इंग्रजी लहान लिपीत, मध्ये जोडरेघ देऊन लिहायचे, हे विसरू नका.

रेघ खाली नेली की मात्र ती पुढच्या ओळीच्या वेलांट्या-रफारांना टेकू लागते. तेव्हा ‘लाइन-हाइट’ही वाढवा, १.८ पासून सुरुवात करून बघा.

आणखी एक गोष्ट. वेबपृष्ठावर रेघ दिसली की वाचक तिथे बोट लावतो, कारण दुव्याची खूण तीच. म्हणून केवळ जोर देण्यासाठी रेघा ओढू नका. त्यासाठी ठळक अक्षरे आहेत. उलट, दुव्याखालची रेघ शोभेसाठी काढूनही टाकू नका. रंगांतील फरक ज्यांना नीट कळत नाही, अशी मुले कदाचित तुमच्याच वर्गात असतील. त्यांना दुवा ओळखू येतो तो रेघेमुळेच.

आमच्या मुलांनी मथळा दुरुस्त केला, तेव्हा संगणक जुना असल्यामुळे यातला एकही गुणधर्म त्याला समजेना. अखेर त्यांनी ती रेघ काढली आणि मथळ्याच्या चौकटीलाच खालची कडा दिली. सीएसएसमध्ये तिला ‘बॉर्डर-बॉटम’ म्हणतात. मधली जागा ‘पॅडिंग-बॉटम’ने वाढवली. मग त्या मुलाला पुन्हा मागच्या बाकावर बसवून वाचायला सांगितले.


“आमचे चाकूर,” तो म्हणाला.