छायाचित्रातील बाँबफेकी विमान : रूप, चिन्ह आणि काळ

चंद्रपूर अथवा गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या घरी, जुन्या पेटीत, वायुसेनेत चाकरी केलेल्या आप्ताचे कृष्णधवल छायाचित्र सापडले, अशी कल्पना करू. आप्ताच्या पाठीशी चार एंजिनांचे प्रचंड विमान उभे आहे आणि छायाचित्राच्या मागील बाजूस ‘महायुद्धातील बाँबर, जि. गडचिरोली’ एवढेच शब्द आहेत. हा गृहस्थ ब्रह्मदेशाच्या मोहिमेत साम्राज्याच्या सैन्यात होता, की स्वतंत्र भारताच्या वायुसेनेत? एका कुटुंबाचा इतिहास या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. ते उत्तर कोणत्या मार्गाने मिळवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम विमानाचा प्रकार ठरवावा. स्वनिमांच्या निश्चितीत जसा प्रत्येक ध्वनिगुण उपयोगी पडत नाही, फक्त व्यवच्छेदक गुणच उपयोगी पडतो, तसेच येथेही आहे. एंजिनांची संख्या चार म्हटली की दोन एंजिनांचे वेलिंग्टन बाद होते. शेपटावर दोन उभी पाती असतील, तर एकच पाते असलेले ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ बाद होते. उरतात लँकॅस्टर, हॅलिफॅक्स व लिबरेटर. यांपैकी पहिल्या दोहोंचे लहान चाक शेपटाखाली असते. लिबरेटरचे ते नाकाखाली असते, त्यामुळे ते जमिनीवर जवळजवळ आडवे उभे राहते. विमान उडत असून चाके आत घेतलेली असतील, तर पंख पाहावेत : लिबरेटरचे लांब, अरुंद पंख धडाच्या वरच्या भागात बसविलेले असतात. उलटपक्षी, एंजिनाचा गोल दर्शनी भाग निर्णायक नव्हे, कारण हॅलिफॅक्सच्या काही आवृत्त्यांतही तो आढळतो.

परंतु प्रकार कळला म्हणजे काळ कळला, असे नव्हे. युद्धानंतर कानपूरच्या चकेरी तळावर लिबरेटर विमाने पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून हेतुपुरस्सर मोडून टाकण्यात आली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतील सुमारे ४० विमाने उड्डाणयोग्य केली व वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगलोरला नेली. १९४८ मध्ये कानपूरला उभारलेल्या ५ क्रमांकाच्या तुकडीला हीच विमाने मिळाली आणि भारतीय वायुसेनेत ती १९६८ पर्यंत होती. विमान महायुद्धातील आणि छायाचित्र मात्र १९६० चे, हे म्हणूनच सहज शक्य आहे.

काळासाठी पंखावरील व धडावरील वर्तुळचिन्हाकडे वळावे. ब्रिटिश वर्तुळात बाहेर निळा, मध्ये पांढरा व केंद्रात तांबडा रंग असे. जपानी विमानावर तांबडा गोळा असल्याने गल्लत होऊ लागली. तेव्हा १९४२ पासून या रणक्षेत्रातील विमानांवरून तांबडे केंद्र काढण्यात आले व गडद कडा आणि फिके केंद्र असे दोनच वर्ण उरले. दोन शब्द उच्चाराने एकरूप होऊन अर्थाचा घोटाळा होऊ लागला की भाषा त्यांपैकी एक टाकून देते. येथे सेनेने तेच केले. भारतीय वायुसेनेचे केशरी, पांढरे व हिरवे वर्तुळ १९५० पासूनचे आहे. त्याआधी अल्पकाळ अशोकचक्र होते.

येथे सावधगिरी हवी. कृष्णधवल छायाचित्रात तांबडे-पांढरे-निळे व हिरवे-पांढरे-केशरी ही दोन्ही वर्तुळे बरीच सारखी दिसतात. रंगांतील विरोधाचा लोप होतो. अशा वेळी धडावरील क्रमांक वाचावा. मात्र तोही आपल्या व्यवस्थेतच वाचला पाहिजे. भारतीय लिबरेटरांवर ‘एचई’ ही अक्षरे व तीन अंक असत. ब्रिटिश मालिकेत त्याच अक्षरांची वेलिंग्टन विमाने होती. रूप एक, अर्थ भिन्न. म्हणून अक्षरे आणि विमानाचा प्रकार ही दोन्ही एकत्र पाहावी लागतात. चार एंजिने, दोन पाती आणि ‘एचई’ एकत्र आली, की ते विमान भारतीय वायुसेनेचे होय. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातील लिबरेटरचा ब्रिटिश क्रमांक केएन ७५१, तर भारतीय क्रमांक एचई ८०७ आहे : एकाच यंत्राची दोन आयुष्ये.

शेवटी मागील बाजूवरील शब्द. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला, अर्थात ‘जि. गडचिरोली’ हे शब्द त्यानंतरचेच, म्हणजे आठवणीवरून लिहिलेले होत. याउलट ‘जि. चांदा’ असे असते, तर ते जुनेच आहे असे म्हणता आले नसते, कारण अधिकृत नाव बदलले तरी जुने नाव लोकांच्या तोंडी व लेखणीत टिकून राहते. नवे रूप काळाची अलीकडची मर्यादा निश्चित करते. जुने रूप पलीकडची मर्यादा निश्चित करीत नाही. हस्तलिखितांच्या अभ्यासकास हा नियम परिचित आहेच. वर्तुळचिन्हासही तो लागू पडतो.

यावरून पुराव्याची प्रतवारी स्पष्ट होते : आकारावरून प्रकार, चिन्ह व क्रमांकावरून सेना आणि काळ, आणि सर्वांत शेवटी मथळा. आपण बहुधा मथळ्यापासून आरंभ करतो. ‘महायुद्धातील बाँबर’ हे शब्द विमानाविषयी खरे असूनही त्या माणसाविषयी खोटे ठरू शकतात.