बंदूक घरी, दुर्बीण खांद्यावर

नवेगावच्या जंगलात शिकारीचं नाव काढू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्यावर बंदी आहे. नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. जंगलात मन मानेल तिथे तंबू ठोकता येत नाही, चूलही पेटवता येत नाही. मासेमारी इथे ढिवर समाजाची. गळाची हौस आवरा, बाजारात ताजे मासे दिसले तर मात्र सोडू नका. खरी चैन जवळजवळ फुकटच: कोलू पाटील कोहळींनी बांधल्याचं सांगतात ते डोंगरांनी वेढलेलं तळं आणि हिवाळ्यात त्यावर उतरणारी बदकं. दुर्बीण उसनी चालते. गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या गाडीने नवेगावजवळच्या देवलगावला उतरलं की प्रवास स्वस्तात. सफारीच्या जिप्सीचं भाडं तेवढं चार-सहा जणांत वाटून घ्या.